पोराच्या हातात पहिलं हत्यार कोणतं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय पोराबाळांचा आहे.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसळेने कांस्यपदक मिळवलं. तेव्हापासून नेमबाजीबद्दल विचारणारे पालक भेटत असतात, आणि त्यात एक प्रश्न हमखास असतो: "मुलाचे हात लहान आहेत, मग सुरुवात एखाद्या छोट्याशा पिस्तुलाने नाहीतर रिव्हॉल्व्हरने केलेली बरी ना?"

आपल्याकडे हा प्रश्न नवा आहे. अमेरिकेत मात्र बापमंडळी शंभर वर्षांहून जास्त काळ तो विचारत आली आहेत. मुलाला पहिली सायकल कोणती घ्यायची यावर आपल्याकडे जशी चर्चा होते, तशी तिथल्या कितीतरी घरांत पहिली बंदूक कोणती यावर होते. उत्तरही ठरलेलं आहे: पॉइंट टू-टू. म्हणजे .२२ बोअरचं छोटं काडतूस. रायफल घ्या नाहीतर रिव्हॉल्व्हर, काडतूस हेच.

हे उत्तर आलं कुठून आणि ते कितपत खरं ठरलं, ते बघू. या इतिहासाचा मोठा भाग एकाच जिल्ह्यात घडला आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात कनेक्टिकट नदीच्या काठावर हॅम्पडेन नावाची कौंटी आहे, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हाच. त्यात स्प्रिंगफील्ड हे मोठं शहर. त्याला लागून चिकोपी फॉल्स. आणि पंधराएक किलोमीटरवर वेस्टफील्ड. कोल्हापूर ते इचलकरंजी याहून जास्त लांब पडेल. बास्केटबॉलचा खेळ १८९१ साली याच स्प्रिंगफील्डमध्ये जन्माला आला. पण गावाची जुनी ओळख बंदुकांची. सरकारी शस्त्र कारखाना तिथे १७९४ पासून होता. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आधी काडतुसाची गोष्ट.

दिवाळीत आपण टिकल्यांचं पिस्तूल उडवायचो. टिकलीवर घोडा आपटला की फट्! दोनशे वर्षांपूर्वीच्या बंदुकांतही अशीच एक तांब्याची टिकलीवजा टोपी असायची. ती फुटली की तिची ठिणगी नळीतल्या दारूला पेटवायची आणि मग गोळी सुटायची. १८४५ च्या सुमारास पॅरिसमधल्या लुई निकोलस फ्लोबेर नावाच्या बंदूक कारागिराने सोपी युक्ती केली. त्या टोपीच्याच तोंडात त्याने शिशाची बारीक गोळी बसवली. वेगळी दारू नाहीच. टोपी फुटली की गोळी सुटली. आवाज कमी, धक्का नावापुरता. पैसेवाले लोक दिवाणखान्यात पाहुण्यांसोबत नेमबाजीचा खेळ खेळायला असल्या बंदुका वापरायचे. म्हणजे जन्मच करमणुकीतला.

याच युक्तीतून पुढे रिमफायर काडतूस आलं. रिम म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बाहेर आलेली कड. त्या कडेच्या आतल्या पोकळीत स्फोटक मसाला भरलेला असतो. घोडा त्या कडेवर आपटतो, कड चेपते, मसाला पेटतो. आता कड चेपायला हवी म्हणजे पत्रा पातळ हवा. पत्रा पातळ म्हणजे आतला दाब जास्त सोसणार नाही, म्हणून दारू बेतानेच. पुंगळी पुन्हा भरायची सोय नाही, वापरली की फेकायची. म्हणून हे काडतूस छोटं राहिलं, स्वस्त राहिलं, हलकं राहिलं. मुलांसाठी म्हणून कुणी ते बनवलेलं नव्हतं. ते मुलांपर्यंत पोचलं ते याच गुणांमुळे.

स्प्रिंगफील्डमध्ये होरेस स्मिथ आणि डॅनिअल वेसन या जोडीने हे काडतूस उचललं. १८५७ साली त्यांनी 'मॉडेल वन' नावाचं सात गोळ्यांचं .२२ रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. त्याआधीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू, गोळी, टोपी सगळं वेगवेगळं भरावं लागे. इथे तयार काडतूस मागून सरकवायचं की झालं. त्यासाठी सिलिंडरला आरपार भोकं लागतात आणि त्याचं पेटंट रोलिन व्हाइट नावाच्या माणसाकडे होतं. हा पूर्वी कोल्टच्या कारखान्यात काम केलेला माणूस. स्मिथ-वेसनने त्याला दर रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट देऊन हक्क घेतले. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात कित्येक सैनिकांनी हे छोटं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या खिशातून पैसे टाकून घेतलं. सरकारी हत्यार नव्हतं ते. पोरगं लढाईला चाललंय, जवळ काहीतरी असू दे, अशा भावनेने घरच्यांनीही घेऊन दिलं असणार.

म्हणजे बघा, काडतुसावर चालणारं अमेरिकेतलं पहिलं यशस्वी रिव्हॉल्व्हर हे .२२ रिमफायर होतं. ते मोठ्या माणसाच्या खिशासाठी होतं, शिकायला किंवा शिकवायला नव्हे.

१८६९ साली व्हाइटच्या पेटंटची मुदत संपली आणि बांध फुटला. ज्याला त्याला छोटी रिव्हॉल्व्हरं बनवता येऊ लागली. स्वस्तातली, हलक्या लोखंडाची, भारदस्त नावांची. हार्डवेअरच्या दुकानात मिळायची, टपालाने घरपोच यायची. जुन्या बंदुकांच्या संग्राहकांनी पुढे या मालाला 'सुइसाइड स्पेशल' असं कडवट नाव दिलं. आता रिव्हॉल्व्हर सैनिकाच्या कमरेवरून उतरून घराच्या ड्रॉवरमध्ये आलं. उशीखाली आलं. आणि घरात जे येतं ते मुलांच्या हाताला लागतंच. साखरेचा डबा कितीही वर ठेवा, पोरं शोधतात, हा प्रत्येक घरातला अनुभव आहे.

इथून आपल्या गोष्टीचं मुख्य वळण सुरू होतं. साल १८८७.

त्या एका वर्षी, त्या एकाच नदीकाठी, एका प्रश्नाला दोन उत्तरं मिळाली. पहिलं स्प्रिंगफील्डमध्ये. स्मिथ अँड वेसनने 'सेफ्टी हॅमरलेस' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. घोडा आत लपवलेला, आणि मुठीच्या मागच्या बाजूला एक दाबपट्टी. मूठ घट्ट आवळून ती पट्टी दाबल्याशिवाय चाप हलायचाच नाही. लोकांनी त्याला 'लेमन स्क्वीझर' म्हणजे लिंबू पिळायचं यंत्र असं टोपणनाव दिलं. यामागची कथा अशी सांगितली जाते की, एका लहान मुलाने बापाचं रिव्हॉल्व्हर हाताळताना स्वतःला जखमी करून घेतल्याची बातमी डॅनिअल वेसनच्या कानावर आली आणि तो अस्वस्थ झाला. कथा खरी असो वा रचलेली, कंपनीचा दावा मात्र उघड होता: आठ वर्षांखालच्या साधारण मुलाच्या हाताला हे रिव्हॉल्व्हर उडवता येणार नाही.

दुसरं उत्तर शेजारच्या चिकोपी फॉल्समध्ये. तिथल्या स्टीव्हन्स कंपनीने त्याच १८८७ साली .२२ लाँग रायफल हे काडतूस आणलं. फ्लोबेरच्या टिकलीचं हे थोरलं भावंड. गोळी साधारण अडीच ग्रॅमची, नेम अचूक, धक्का किरकोळ, किंमत कमी. स्टीव्हन्सने हलक्या, स्वस्त रायफलीही बनवल्या आणि त्या पोरांसाठी म्हणून विकल्या. पुढच्या काळात मुलांच्या मासिकांत .२२ रायफलीच्या जाहिराती पानोपानी दिसू लागल्या. जगात आज सगळ्यात जास्त वापरलं जाणारं काडतूस कोणतं, तर हेच.

दोन्ही उत्तरांमागची चिंता एकच, पण दिशा उलट. एक म्हणतं, यंत्र असं बनवा की मुलाला उडवताच येऊ नये. दुसरं म्हणतं, यंत्र इतकं सौम्य करा की मुलाला शिकवता यावं. पण सुरक्षितता यंत्रात असते, यावर दोघांचाही विश्वास.

या विश्वासाचं टोक बघायचं असेल तर आयव्हर जॉन्सन कंपनीकडे बघा. ही पण मॅसॅच्युसेट्सचीच, फिचबर्ग गावची. घोडा आपटून किंवा रिव्हॉल्व्हर खाली पडून गोळी सुटू नये अशी रचना त्यांनी केली होती आणि ती चांगली होती. पण १९०० नंतरच्या पहिल्या दशकातली त्यांची एक जाहिरात आहे. झोपायच्या कपड्यातली चिमुरडी पलंगावर बसली आहे, जवळ बाहुली आहे आणि हातात रिव्हॉल्व्हर आहे. मजकुराचा आशय असा की, बाबा म्हणालेत याने आपल्याला काही होणार नाही! आज ती बघून अंगावर काटा येतो. तेव्हा ती विक्री वाढवायला छापली होती. याच कंपनीच्या 'सेफ्टी' रिव्हॉल्व्हरने १९०१ साली बफेलो शहरात राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. म्हणजे 'सेफ्टी' हा शब्द कुणाच्या बाजूने आहे, हे हातात धरणाऱ्यावर ठरतं.

मग अमेरिकेत मुलांना खरोखर नीट शिकवलं कुणी आणि कसं?

यादवी युद्धात सैनिकांचा नेम फार वाईट होता, अशी तक्रार युद्धातून परतलेल्या अधिकाऱ्यांची होती. त्यातल्याच विल्यम चर्च आणि जॉर्ज विंगेट यांनी १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये नॅशनल रायफल असोसिएशन काढली. आज ही संस्था राजकारणासाठी ओळखली जाते, पण तिची सुरुवात नेम सुधारायला झाली होती. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांच्या क्रीडा संघटनेत रायफल नेमबाजी रुजवण्यातही पुढे याच विंगेट यांचा पुढाकार होता. १९१७ च्या सुमारास विंचेस्टर कंपनीने मुलामुलींसाठी ज्युनिअर रायफल कोअर सुरू केली. १९२० च्या दशकात तीही रायफल असोसिएशनकडे गेली. बिल्ले, पदकं, टप्प्याटप्प्याने परीक्षा, आपल्या स्काउटसारखं. कंपनीचा हेतू गिऱ्हाईक घडवण्याचा होता, हे उघड आहे. पण शिकवण्याची पद्धत शिस्तीची होती.

न्यूयॉर्कच्या शाळांत त्या काळी रायफलची टीम असणं ही नवलाची गोष्ट नव्हती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटनिन स्कॅलिया सांगायचे की, शाळेत असताना ते टीमची .२२ रायफल घेऊन भुयारी रेल्वेने जायचे. कुणी वळून बघायचं नाही.

आता नीट बघा. या सगळ्या शाळा-क्लबांत मुलांच्या हातात असायची ती रायफल, आणि तीही बहुतेक वेळा एकबारी. रिव्हॉल्व्हर नव्हे. विंचेस्टरची मॉडेल १९०० सारखी पोरांची रायफल घ्या. एक काडतूस ठेवायचं, बोल्ट बंद करायचा, मागचं बोंड हाताने ओढायचं, मग नेम, मग चाप. एक गोळी झाली की पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या माणसाला कंटाळा येईल. पण शिकवणाऱ्याच्या दृष्टीने तो कंटाळाच सोन्यासारखा. दोन गोळ्यांच्या मध्ये विचार करायला आणि पोराचा हात धरायला वेळ मिळतो.

मग रिव्हॉल्व्हर का नाही? 'लहान हात, लहान हत्यार' हे गणित इथे चुकतं. लांब नळीची रायफल खांद्याला टेकते, दोन हात लागतात, पोट जमिनीला टेकवून झोपलेल्या पोराला ती सहज फिरवताच येत नाही. रिव्हॉल्व्हरची नळी बोटभर. "काका, हे बघा!" म्हणून पोर मागे वळलं की नळीही वळते. मनगट जरा हललं की नळीचा रोख निशाणावरून माणसांवर. शिवाय घोडा न ओढता नुसता चाप दाबून उडवायचं तर चाप इतका जड की लहान बोटाला ओढवत नाही. मग पोर दोन्ही हातांची बोटं घालून ओढतं आणि नेमाची वाट लागते. सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण बाहेर पडतात, तिथे बोट गेलं तर भाजतं. रायफलवर डावा हात पुढे धरायची सवय लागलेलं पोर नेमका तिथेच हात नेतं.

तरीही शिकवणाऱ्यांनी .२२ रिव्हॉल्व्हर वापरलं आहे, आणि जाणत्यांनी त्याचेही नियम घालून दिले आहेत. आधी रायफलवर हात बसू द्या. मग रिव्हॉल्व्हर द्यायचं तर वजनदार आणि लांब नळीचं, खिशातलं हलकं नको. वजनाने धक्का कमी होतो आणि हात स्थिर राहतो. मूठ पोराच्या पंजात मावणारी हवी. दर वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढूनच उडवायचं. सहा भोकांत सहा नाही, एकच काडतूस भरायचं. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. रिव्हॉल्व्हरचा एक गुण खरा आहे: सिलिंडर उघडलं की आत काडतूस आहे की नाही ते पोरालाही डोळ्यांनी दिसतं.

पण जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये एक खोड होती. रुगर कंपनीचं 'सिंगल सिक्स' हे .२२ रिव्हॉल्व्हर १९५३ साली आलं, काउबॉय सिनेमांच्या काळात, आणि तुफान खपलं. त्याचा घोडा भरलेल्या भोकावर टेकलेला असताना ते खाली पडलं तर गोळी सुटू शकत होती. जाणकार एक भोक रिकामं ठेवून घोडा त्यावर टेकवायचे. सगळे जाणकार नसतात. १९७३ साली कंपनीने आतली रचनाच बदलली, आणि पुढे जुनी रिव्हॉल्व्हरंही फुकट बदलून द्यायला सुरुवात केली. वीस वर्षं लागली.

आणि 'छोटं काडतूस' म्हणजे 'खेळण्यातलं' नव्हे, हेही सांगायला हवं. .२२ ची गोळी दोन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. १९६८ साली लॉस एंजेलिसमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली ती .२२ रिव्हॉल्व्हरने. बनवणारी कंपनी आयव्हर जॉन्सन, आणि मॉडेलचं नाव 'कॅडेट'. शिकाऊ पोराचं नाव! १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर हल्ला झाला तोही .२२ रिव्हॉल्व्हरने, ते वाचले, त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रॅडी जन्माचे अपंग झाले.

केनेडी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनंतर १९६८ सालीच अमेरिकेत नवा कायदा आला. परवानाधारक दुकानदाराने २१ वर्षांखालच्या माणसाला पिस्तूल-रिव्हॉल्व्हर विकायचं नाही, १८ खालच्याला रायफलही नाही. १९९४ साली आणखी एक कलम आलं: १८ खालच्या मुलाने पिस्तूल-रिव्हॉल्व्हर बाळगायचंच नाही, मात्र आईबापाच्या लेखी संमतीने नेमबाजीचा सराव वगैरे चालेल. म्हणजे कायद्यानेही मान्य केलं की शिकवणं वेगळं आणि बाळगणं वेगळं. पण 'लेखी संमती' हा कागद आहे. कागद काही पोराशेजारी उभा राहत नाही.

आता २००८ साल. जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्याचा निकाल दिला. राजधानी वॉशिंग्टनमधली हँडगनबंदी रद्द झाली आणि घरातली बंदूक सुटी करून किंवा कुलूप लावूनच ठेवण्याची सक्तीही गेली. निकाल लिहिला होता शाळेत असताना रायफल घेऊन रेल्वेने जाणाऱ्या त्याच स्कॅलियांनी. निकालानंतर हेलरने नोंदणी केली ती एका .२२ रिव्हॉल्व्हरचीच.

त्यानंतर चारच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, वेस्टफील्ड. गोष्टीच्या सुरुवातीचं तिसरं गाव. एका स्पोर्ट्समन क्लबच्या मैदानावर बंदुकांचा मेळावा भरला होता. आठ वर्षांचा एक मुलगा बापासोबत आला होता. त्याच्या हातात मायक्रो उझी दिली गेली. ही उझीच्या घराण्यातली सगळ्यात लहान बंदूक, आणि लहान म्हणून पोराला सोपी, असं कुणालाही वाटेल. खरं उलट आहे. आकार आणि वजन कमी केलं की ती आणखी वेगाने गोळ्या ओकते आणि हातात उसळते. ती उसळली, नळी वर वळली, गोळी मुलाच्याच डोक्यात गेली. बाप फोटो काढायला मागे उभा होता. मुलाच्या शेजारी देखरेखीला होता एक पंधरा वर्षांचा मुलगा. मेळावा भरवणारा माणूस जवळच्या एका छोट्या गावचा पोलीसप्रमुख होता. त्याच्यावर खटला चालला, २०११ साली ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं.

जिथे पोरांसाठी सौम्य काडतूस बनलं, जिथे पोराला उडवता येऊ नये असं रिव्हॉल्व्हर बनलं, त्याच जिल्ह्यात हे घडलं. चिकोपी फॉल्सची स्टीव्हन्स कंपनी १९२० साली सॅव्हेज कंपनीने घेतली होती, आणि त्या सॅव्हेजचं ठाणं आज कुठे आहे? वेस्टफील्डमध्ये. आजही ती मुलांसाठी एकबारी .२२ रायफल विकते. ज्ञान गावातच होतं. ते त्या दिवशी त्या मैदानावर नव्हतं.

कुणी म्हणेल, चूक हत्यार दिलं म्हणून झालं; .२२ ची एकबारी दिली असती तर? मग केंटकी राज्यातली एप्रिल २०१३ ची घटना ऐका. पाच वर्षांच्या मुलाला भेट म्हणून रायफल मिळाली होती. .२२, एकबारी, मुलांच्या मापाची, दर वेळी हाताने घोडा ओढावा लागणारी. वर सांगितलेल्या सगळ्या कसोट्यांना उतरणारी. ती घराच्या कोपऱ्यात उभी असायची. आत एक काडतूस राहून गेलं होतं. त्याने ती उडवली आणि त्याची दोन वर्षांची बहीण गेली. त्या क्षणी आई घराबाहेर गेली होती, काही मिनिटांपुरती.

हत्यार बरोबर होतं. जागा चुकीची होती.

आणि २०२१ साली मिशिगन राज्यातल्या ऑक्सफर्डमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेत चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला. पिस्तूल बापाने चारच दिवस आधी घेतलं होतं, आई त्याला सरावाला घेऊन गेली होती. म्हणजे 'शिकवणं' झालं होतं! २०२४ साली दोघा आईबापांना सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शाळेतल्या अशा गोळीबारासाठी मुलाच्या आईबापांना दोषी धरल्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ. १८८७ पासून यंत्रात शोधलेली जबाबदारी शेवटी न्यायालयाने माणसाच्या गळ्यात घातली.

आता आपल्याकडे या.

आमच्या वयाच्या कित्येकांनी .२२ रायफल हातात घेतली आहे, एन.सी.सी.च्या कॅम्पात. आठवून बघा. उन्हात तासन्‌तास बसवून ठेवायचे. नंबर आला की पालथं झोपायचं. शेजारी उस्ताद. गोळ्या मोजून हातावर. हुकमाशिवाय चापाला बोट लागलं तर उस्तादाचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू जायचा. फायरिंग संपलं की पुंगळ्या मोजून परत, हिशोब जुळेपर्यंत कुणी हलायचं नाही. आणि रायफल? ती शस्त्रागारात, म्हणजे कोतात, कुलूपबंद. घरी कुणीच नेत नव्हतं. तेव्हा वाटायचं, पाच गोळ्यांसाठी एवढा ताप! त्या तापातच सगळं शिक्षण होतं. अंजली भागवतसारखी नेमबाज याच एन.सी.सी.तून पुढे आली.

पुढच्या टप्प्यावर आमच्या कोल्हापूरने दाखवून दिलं. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं, ते .२२ वर. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, ते .२२ वर. स्वप्नीलचं पदकही .२२ वरच. चिकोपी फॉल्सचंच काडतूस! पण या मुलामुलींची सुरुवात कुणाच्या ड्रॉवरमधल्या रिव्हॉल्व्हरने झालेली नाही. आपल्याकडे मुलं आधी एअर रायफल नाहीतर एअर पिस्तुलावर घासतात, रेंजवर, प्रशिक्षकासमोर. .२२ नंतर येते.

आपला १९५९ चा शस्त्र कायदा परवान्यासाठी २१ वर्षांची अट घालतो. ती आधी १६ होती, १९८३ च्या दुरुस्तीने वाढली. त्याखालच्या मुलांना प्रशिक्षणापुरती, नियमांच्या चौकटीत मुभा आहे. म्हणजे शिकणं आणि बाळगणं यांच्यातली रेघ आपल्याकडे जास्त ठळक आहे. ती पुसू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

कारण ती पुसली जातेय. वाढदिवसाला तलवारीने केक कापणारे, कमरेला गावठी कट्टा खोचून रील टाकणारे, मग पोलीस ठाण्यात हात जोडून माफीचा व्हिडिओ करणारे, हे आपण आपल्याच तालुक्यात बघतो. बातम्या आम्हीच देतो. त्यात सोळा-सतरा वर्षांची पोरं असतात. दुसरीकडे कोकणात शेतीरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका आहेत, आमच्याकडे वाडवडिलांपासूनच्या बारा बोअरच्या आहेत. निवडणूक आली की त्या ठाण्यात जमा होतात. निवडणूक संपली की घरी येतात. घरी आल्यावर त्या कुठे असतात? कपाटाला कुलूप आहे का? काडतुसं वेगळी ठेवली आहेत का? हे विचारायला मात्र कुणी येत नाही. ते घरातल्यांनीच विचारायचं.

म्हणून "पोराला छोटं रिव्हॉल्व्हर चालेल का?" विचारणाऱ्या पालकांना सांगणं एवढंच. हत्यार कोणतं, हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, शेजारी उभं कोण राहणार? दुसरा, रात्री ते हत्यार कुठे झोपणार? या दोन प्रश्नांची उत्तरं "प्रशिक्षित माणूस" आणि "रेंजवरच्या कुलपात" अशी असतील, तर तिसऱ्याचं उत्तर प्रशिक्षक देतील, आणि बहुतेक ते एअर रायफल हेच असेल. पहिल्या दोनांची उत्तरं नसतील, तर पोराला कबड्डीला घाला. तोही आपलाच खेळ आहे.

तुमच्या गावात परवान्याच्या बंदुका असतील तर आज घरी एकदा कुलूप बघा. आणि एन.सी.सी.त फायरिंग केलेल्यांनी तुमच्या उस्तादांची शिस्त खाली जरूर लिहा. नव्या पोरांना ती वाचायला मिळू दे.